इंग्रजी विशेषणांची तुलनात्मक रूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांना तुलनेची वाक्ये लिहिताना ज्या शंका येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि जेथे स्पेलिंगचा मुद्दा आहे तेथे इंग्रजी अक्षरांची नावे दिली आहेत.

मराठीत विशेषण न बदलता तुलना करता येते, मग इंग्रजीत ते का बदलावे लागते?

मराठीत तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ वाहतात. ‘साल्हेर उंच आहे’ आणि ‘साल्हेरपेक्षा कळसूबाई उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. मराठी विशेषण बदलते ते लिंग आणि वचन यांच्यासाठी, म्हणजे चांगला, चांगली, चांगले, चांगल्या असे. तुलनेसाठी त्याला हात लावावा लागत नाही. इंग्रजीचे नेमके उलटे आहे. तेथे मुलगा असो, मुलगी असो किंवा मुले असोत, ‘टॉल’ हा शब्द ढिम्म हलत नाही, पण तुलना आली की त्याचा ‘टॉलर’ होतो. ‘दॅन’ हा शब्द ‘पेक्षा’चे काम करत असला तरी एकट्याने पुरत नाही. म्हणून ‘कळसूबाई इज हाय दॅन साल्हेर’ हे वाक्य इंग्रजी कानाला अर्धवट वाटते आणि ‘कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर’ हे पूर्ण वाटते.

पुढे ज्या चुका पाहायच्या आहेत, त्यांपैकी बहुतेक या एका फरकातून निघतात. आपण एक तर विशेषण बदलायचे विसरतो, किंवा विसरू नये या धास्तीने दोनदा बदलतो.

विशेषणाला ई-आर कधी लावावे आणि त्याच्या आधी ‘मोअर’ कधी लिहावे?

ते शब्दाच्या लांबीवर ठरते, आणि लांबी मोजायची ती उच्चारातल्या सिलेबलने, म्हणजे एका स्वरासह एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याने, लिहिलेल्या अक्षरांनी नव्हे. एका सिलेबलच्या शब्दाला ई-आर लागते : टॉलर, शॉर्टर, चीपर, कोल्डर. तीन किंवा अधिक सिलेबलच्या शब्दाआधी ‘मोअर’ येते : मोअर ब्यूटिफुल, मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोअर डिफिकल्ट. दोन सिलेबलचे शब्द मधल्या प्रदेशातले असल्यामुळे त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

एका सिलेबलच्या शब्दांनाही काही अपवाद आहेत. ‘बोअर्ड’, ‘टायर्ड’ यांसारखी क्रियापदापासून बनलेली विशेषणे कितीही आखूड असली तरी ‘मोअर’च घेतात. ‘रिअल’, ‘राइट’, ‘राँग’ आणि ‘फन’ यांनाही सहसा ‘मोअर’ लावतात. ‘राँगर’ असे कोणी लिहीत नाही.

सिलेबल मोजताना माझी नेहमी चूक होते. ती का होते?

कारण आपण नकळत देवनागरी अक्षरे मोजतो. ‘टॉल’ हा शब्द देवनागरीत लिहिला की ट आणि ल अशी दोन अक्षरे दिसतात. अभंगाचे चरण मोजतानाची आपली सवयही अशीच आहे : तेथे ‘राम’ या शब्दाची दोन अक्षरे धरतात, शेवटचा म बोलताना अर्धा झाला तरीही. इंग्रजी सिलेबल मात्र केवळ उच्चारलेल्या स्वरावर मोजले जाते. ‘टॉल’मध्ये एकच स्वर ऐकू येतो, शेवटचा ल स्वराविना आहे, म्हणून सिलेबल एक. ‘स्ट्रेंज’ लिहायला कितीही गुंतागुंतीचा असला तरी त्यातही स्वर एकच आहे, म्हणून त्याचे रूप ‘स्ट्रेंजर’. ‘क्लेव्हर’मध्ये क्ले आणि व्हर असे दोन, तर ‘ब्यूटिफुल’मध्ये ब्यू, टि आणि फुल असे तीन सिलेबल आहेत.

जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश उच्चारायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, तितके सिलेबल. वर्गात हा प्रकार थोडा विनोदी दिसतो, पण देवनागरीच्या सवयीतून सुटायला त्याने फार मदत होते.

दोन सिलेबलच्या शब्दांचे काय करावे?

शब्दाचा शेवट पाहावा. शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो आणि पुढे ई-आर लागते : हॅपीचे हॅपिअर, ईझीचे ईझिअर, हेवीचे हेविअर. ‘सिंपल’, ‘जेंटल’ यांसारख्या एल-ई ने संपणाऱ्या शब्दांना नुसता आर पुरतो. ‘नॅरो’चे नॅरोअर आणि ‘क्लेव्हर’चे क्लेव्हरर ही रूपेही बरोबर आहेत. ‘क्लेव्हरर’ उच्चारताना जीभ अडखळते म्हणून ते चुकीचे असावे असा अनेकांचा समज असतो, पण ते शब्दकोशमान्य रूप आहे.

याउलट ‘केअरफुल’, ‘यूजफुल’, ‘केअरलेस’, ‘फेमस’ आणि ‘बोअरिंग’ यांसारख्या प्रत्यय लागलेल्या शब्दांना ‘मोअर’ हवे. ‘क्वाएट’, ‘पोलाइट’, ‘कॉमन’, ‘स्टुपिड’, ‘प्लेझंट’ यांची दोन्ही रूपे चालतात. माझा सल्ला असा की शंका आली तर दोन सिलेबलच्या शब्दाआधी ‘मोअर’ लिहावे, कारण तेथे ते क्वचितच खटकते. ही सवलत एका सिलेबलच्या शब्दांना मात्र लागू नाही. ‘मोअर टॉल’ लगेच खटकते. वायने संपणाऱ्या रोजच्या वापरातल्या शब्दांनाही ती लावू नये, कारण ‘मोअर हॅपी’ वाचणाऱ्याला परके वाटते.

‘बिग’चे तुलनात्मक रूप लिहिताना जी दोनदा का येतो?

आधी एक खुलासा : देवनागरीत लिहिलेला हा ‘बिगर’ म्हणजे बिगरशेती परवान्यातला बिगर नव्हे.

एका सिलेबलच्या शब्दाच्या शेवटी एकच व्यंजन असेल आणि त्याच्या आधी एकच स्वर असेल, तर ई-आर लावण्यापूर्वी ते व्यंजन दुहेरी करतात. बिग, हॉट, थिन, फॅट, सॅड, वेट हे सारे त्या घरचे शब्द. यामागचे कारण उच्चारात आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका व्यंजनापलीकडे ई आला की वाचणारा बहुधा आधीचा स्वर लांब वाचतो. दुहेरी व्यंजन मध्ये भिंतीसारखे उभे राहून त्या स्वराचा ऱ्हस्वपणा राखते. ‘हॉट’ला एकाच टीने ई-आर जोडले, तर वाचणारा ते ‘होटर’ असे वाचेल.

याचा उत्तम पुरावा ‘लेट’ या शब्दात सापडतो. एका टीचे ‘लेटर’ म्हणजे नंतर, आणि दोन टींचे ‘लॅटर’ म्हणजे उल्लेखलेल्या दोहोंपैकी दुसरा. दोन्ही मुळात ‘लेट’चीच तुलनात्मक रूपे आहेत, केवळ एका टीने उच्चारही बदलला आणि अर्थही.

‘क्लीन’ आणि ‘चीप’ यांत शेवटच्या व्यंजनाआधी दोन स्वर आहेत, म्हणून तेथे दुहेरीपणा नाही. ‘कोल्ड’च्या शेवटी दोन व्यंजने आधीच आहेत, म्हणून तेथेही नाही. डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अक्षरे अशी कधीच दुहेरी होत नाहीत, त्यामुळे ‘स्लोअर’मध्ये डब्ल्यू एकच राहतो. शब्दाच्या शेवटी अनुच्चारित ई असेल, जसे ‘लार्ज’ किंवा ‘नाइस’मध्ये, तर फक्त आर जोडावा.

‘ड्राय’ आणि ‘शाय’ यांतल्या वायचे काय होते?

‘ड्राय’ची तुलना करताना वायचा आय करतात. वाय तसाच ठेवून लिहिलेला शब्द सहसा केस किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राचे नाव असतो. ‘शाय’मध्ये मात्र वाय तसाच ठेवतात. याचे समाधानकारक कारण देता येत नाही. दोन्ही स्पेलिंग पाठच करावी लागतात.

‘गुड’चे ‘बेटर’ कसे झाले? ‘गुडर’ का नाही?

कारण ही दोन वेगवेगळ्या मुळांची रूपे एका शब्दाच्या संसारात येऊन राहिली आहेत. मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको. ‘जाणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ ‘जातो’, पण भूतकाळ ‘गेला’. ‘जाला’ असे आपण म्हणत नाही. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूकडून आला आणि ‘गेला’ ‘गम्’ धातूकडून, तरी लहान मूलही दोन्ही बिनचूक वापरते. खूप वापरातल्या शब्दांतच असा अनियमितपणा टिकतो, कारण ते रोज तोंडात असतात आणि कोणालाही नियमात बसवावेसे वाटत नाहीत.

इंग्रजीतले असे शब्द थोडेच आहेत. गुडचे बेटर, बॅडचे वर्स, लिटलचे लेस, मच आणि मेनी या दोहोंचे मोअर, आणि फारचे फार्दर किंवा फर्दर. अंतरासाठी फार्दर आणि फर्दर दोन्ही चालतात. ‘आणखी माहिती’, ‘पुढील शिक्षण’ अशा अर्थी मात्र फर्दरच वापरावे. ‘वेल-नोन’सारख्या जोडशब्दात पहिला भाग बदलून ‘बेटर-नोन’ करता येते.

‘मोअर बेटर’ का चुकीचे मानतात?

‘बेटर’मध्ये ‘अधिक’ हा अर्थ आधीच आलेला असतो. तरी ही चूक का होते ते समजण्यासारखे आहे. ‘हे त्याच्यापेक्षा जास्त चांगले आहे’ हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य असून, त्यातल्या ‘जास्त’चे ‘मोअर’ आणि ‘चांगले’चे ‘बेटर’ केले की ‘मोअर बेटर’ तयार होते. शाळेत माझ्या वहीत या दोन शब्दांभोवती लाल शाईचे वर्तुळ होते, आणि ‘पण मी तर दोन्ही नियम पाळले’ ही माझी तक्रार मला आजही पुरती अन्याय्य वाटत नाही. शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत अशी दुहेरी रूपे आढळतात आणि तेव्हा ती जोर देण्याची रीत होती. आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चालत नाहीत. ई-आर किंवा ‘मोअर’ यांपैकी एकच निवडावे.

‘खूप उंच’ म्हणजे ‘व्हेरी टॉल’, मग ‘त्याच्यापेक्षा खूप उंच’ म्हणजे ‘व्हेरी टॉलर’ का नाही?

मराठी ‘खूप’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजी ‘व्हेरी’ केवळ मूळ रूपाशी जमवून घेतो. तुलनात्मक रूपाआधी ‘मच’, ‘अ लॉट’ किंवा ‘फार’ वापरावे : मच टॉलर, अ लॉट चीपर, फार बेटर. या शेवटच्या ‘फार’चा उच्चार आणि येथला अर्थ आपल्या मराठी ‘फार’शी जवळजवळ जुळतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. थोडा फरक दाखवायचा असेल तर ‘अ लिटल’, ‘अ बिट’ किंवा ‘स्लाइटली’ वापरावे.

नेमके माप सांगायचे असेल तर ते तुलनात्मक रूपाच्या आधी येते. कळसूबाईची उंची 1646 मीटर आणि साल्हेरची 1567 मीटर, म्हणून ‘कळसूबाई इज सेव्हंटी-नाइन मीटर्स हायर दॅन साल्हेर’. मराठी ‘79 मीटरनी’ या रचनेला जवळचे ‘हायर बाय सेव्हंटी-नाइन मीटर्स’ हेही बरोबर आहे.

‘एल्डर दॅन मी’ चालेल का?

चालणार नाही. ‘एल्डर’ नात्यातल्या व्यक्तीच्या नावाआधी येतो, जसे ‘माय एल्डर ब्रदर’. ‘दॅन’ वापरायचे असेल तर ‘ओल्डर’ हवे : ‘माय ब्रदर इज ओल्डर दॅन मी’. मराठीतल्या दादा, ताई, थोरली जाऊ या शब्दांत वयाचा मान आधीच असतो. इंग्रजीत ‘एल्डर’ साधारण तेच काम करतो. वस्तूंचे किंवा इमारतींचे जुनेपण सांगताना केवळ ‘ओल्डर’ वापरावे.

‘सीनियर दॅन मी’ की ‘सीनियर टू मी’?

‘सीनियर टू मी’. सीनियर, ज्युनिअर, सुपिरिअर आणि इन्फिरिअर हे शब्द लॅटिनमधून तुलनात्मक रूपातच आले आहेत आणि त्यांच्यापुढे ‘टू’ लागते. त्यामुळे त्यांना ‘मोअर’ लावणेही अनावश्यक ठरते. कार्यालयांत आपण ‘तो मला दोन वर्षे सीनियर आहे’ असे सहज म्हणतो. त्या ‘मला’मधील ‘ला’ म्हणजेच ‘टू’ हे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. ‘माझ्यापेक्षा सीनियर’ असा विचार केला की ‘दॅन’ हमखास येते. ‘प्रिफर’ या क्रियापदाचीही हीच रीत आहे : ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.

‘दॅन मी’ बरोबर की ‘दॅन आय’?

दोन्ही बरोबर आहेत. ‘ही इज टॉलर दॅन आय’ फार औपचारिक, किंबहुना आज थोडे पुस्तकी वाटते. ‘दॅन मी’ सर्वत्र चालते. कडक परीक्षकाची भीती असेल तर ‘दॅन आय अॅम’ असे पूर्ण लिहावे. त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ हे इंग्रजीत कसे लिहावे?

ही चूक चांगल्या इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून होते. या मराठी वाक्यात तुलना लोकसंख्येची लोकसंख्येशी आहे हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. इंग्रजीत ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे’ असे लिहिले तर कठोर वाचकाला लोकसंख्येची तुलना एका शहराशी केलेली दिसते. म्हणून ‘दॅन’पुढे ‘दॅट ऑफ पुणे’ असे लिहावे, म्हणजे ‘पुण्याची ती’. मराठीतही ‘पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा’ असे लिहिता येते. आपण संक्षेपासाठी ते टाळतो. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’ : ‘द रोड्स ऑफ धिस सिटी आर वायडर दॅन दोज ऑफ दॅट टाउन’.

यात लोकसंख्येला ‘मोअर’ नव्हे तर ‘लार्जर’ लावले आहे, इकडेही लक्ष द्यावे. ‘जास्त’ दिसला की ‘मोअर’ लिहिण्याची सवय येथेही आडवी येते. किंमत जास्त असेल तर ‘हायर’, अंतर जास्त असेल तर ‘लाँगर’ किंवा ‘ग्रेटर’ हवे.

डिग्री, म्हणजे तुलनेची पायरी, बदलताना ‘एनी अदर’मधला ‘अदर’ गाळला तर काय बिघडते?

‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ या वाक्याची डिग्री बदलताना ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ असे लिहिले, तर महाराष्ट्रातील शिखरांत कळसूबाईही असल्यामुळे ती स्वतःपेक्षा उंच ठरते. ‘अदर’ घातले की ती यादीतून बाहेर पडते. मराठीत आपण ‘इतर कोणत्याही शिखरापेक्षा’ म्हणतो, त्यातला ‘इतर’ हाच. मूळ रूपात हेच वाक्य ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अॅज हाय अॅज कळसूबाई’ असे होते. मात्र तुलना महाराष्ट्राबाहेरच्या शिखरांशी असेल, उदाहरणार्थ ‘एव्हरेस्ट महाराष्ट्रातील कोणत्याही शिखरापेक्षा उंच आहे’, तर ‘अदर’ नको, कारण एव्हरेस्ट त्या यादीत मुळातच नाही.

‘कमी’साठी लेस की फ्यूअर?

मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, न मोजता येणाऱ्यांना लेस : फ्यूअर मँगोज, लेस मिल्क. बोलीत लेस दोन्हीकडे ऐकू येते, पण लेखनात फरक पाळावा. विशेषणाआधी मात्र केवळ लेस येते, जसे ‘लेस स्पायसी’, आणि त्या विशेषणाला ई-आर लावायचे नसते. आखूड विशेषणांसोबत लेस अवघडल्यासारखे वाटते. ‘तो भावाइतका उंच नाही’ या मराठी वळणाचे ‘ही इज नॉट अॅज टॉल अॅज हिज ब्रदर’ हेच इंग्रजीतही अधिक सहज आहे.

‘जितके लवकर तितके चांगले’ ही रचना इंग्रजीत आहे का?

आहे, आणि तितकीच आटोपशीर : ‘द सूनर द बेटर’. दोन्हीकडे ‘द’ आणि दोन्हीकडे तुलनात्मक रूप हवे. पूर्ण वाक्यात ‘द मोअर यू रीड, द ईझिअर इट बिकम्स’. येथला ‘मोअर’ वाचण्याच्या प्रमाणाबद्दल आहे, म्हणून ‘ईझिअर’शी त्याचे भांडण नाही. ‘ऊन वाढतच चालले आहे’ यासारख्या अर्थासाठी रूप दोनदा येते : ‘हॉटर अँड हॉटर’; मोठ्या विशेषणाच्या बाबतीत ‘मोअर अँड मोअर एक्स्पेन्सिव्ह’.

एकाच व्यक्तीच्या दोन गुणांची तुलना करताना काय करावे?

तेथे आखूड विशेषणालाही ‘मोअर’ लागते. ‘तो मूर्ख कमी आणि आळशी जास्त’ याचे ‘ही इज मोअर लेझी दॅन स्टुपिड’ होते, ‘लेझिअर’ नव्हे.

‘परफेक्ट’ आणि ‘युनिक’ यांची तुलना करता येते का?

शुद्धतेचे आग्रही लोक नाही म्हणतात, कारण परिपूर्ण म्हणजे परिपूर्णच. परंतु 1787 साली लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या संविधानाच्या प्रास्ताविकेत ‘मोअर परफेक्ट युनियन’ असे शब्द आहेत. परिपूर्णतेच्या अधिक जवळ, असा तेथे अर्थ घ्यायचा. परीक्षेत किंवा अर्जात हे टाळावे, इतकेच मी सुचवीन.

मराठीत तुलनेचे प्रत्यय कधी नव्हतेच का?

संस्कृतातून आलेले होते आणि अंशतः अजूनही आहेत. ‘तर’ आणि ‘तम’ हे ते प्रत्यय : उच्चतर, उच्चतम. शाळेतल्या गणितातील लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य आणि मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. तेथला ‘तम’ हाच. या दोन प्रत्ययांच्या जोडीतूनच ‘तारतम्य’ हा आपला शब्द बनला आहे.

संस्कृतात ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ अशी आणखी एक जोडी होती. गोड अशा अर्थाच्या ‘स्वादु’पासून स्वादीयस् आणि स्वादिष्ठ ही रूपे होत. इंग्रजी ‘स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट’ यांचे मूळ आणि प्रत्यय दोन्ही याच प्राचीन घराण्यातले आहेत. कनिष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ आणि श्रेष्ठ हे शब्द मुळात ‘सर्वांत’ हा अर्थ पोटात घेऊनच आले. आपण ते विसरलो, म्हणून आज ‘अधिक श्रेष्ठ’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ असे बिनदिक्कत लिहितो. ‘मोअर बेटर’ला हसणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

‘लाँगर’चा उच्चार कसा करावा?

इंग्रजीत ‘लाँग’, ‘स्ट्राँग’ आणि ‘यंग’ यांच्या शेवटी ग स्पष्ट ऐकू येत नाही. केवळ ‘वाङ्मय’ या शब्दातील ङसारखा अनुनासिक ध्वनी येतो. तुलनात्मक रूपात मात्र ग प्रकट होतो : लाँग-गर, स्ट्राँग-गर, यंग-गर. आपण मराठी बोलणारे मूळ शब्दातही ग उच्चारतो, त्यामुळे तुलनात्मक रूप आपल्याकडून आपोआप बरोबर येते आणि सुधारायचा राहतो तो मूळ शब्द. क्रियापदापासून बनलेल्या ‘सिंगर’मध्ये, म्हणजे गायकाच्या अर्थी, हा ग येत नाही. त्यामुळे ‘फिंगर’ आणि ‘सिंगर’ यांचा आपण जुळवलेला यमक इंग्रजी कानाला जुळत नाही.